विसरत्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ती थट्टेने उच्चारली जाते तेव्हाही तिच्यात सांगितलेले निदान आपण खरे मानूनच चालतो. वय झाले म्हणजे विसर पडायचाच, त्यावर औषधपाणी ते काय करावयाचे, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. वस्तुतः साठी ओलांडलेल्या बहुसंख्य स्त्रीपुरुषांची बुद्धी शाबूत असते. ज्यांची ढासळू लागते, त्यांची ती वयामुळे नव्हे, तर मेंदूच्या आजारामुळे ढासळते. या आजारास स्मृतिभ्रंश असे नाव आहे. म्हणीने मात्र आजार आणि वार्धक्य यांची गल्लत करून टाकली आहे, आणि या गल्लतीची किंमत रुग्णाइतकीच त्याच्या घरालाही मोजावी लागते.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता नाही. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. हा शहरी सुखवस्तू लोकांचा आजार आहे, अशी समजूत बाळगणाऱ्या पंचायत सदस्यांनी या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. आपल्या गावात असा रुग्ण नाही असे वाटत असेल, तर तो आहे पण त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ असण्याचा संभव अधिक.

आजाराचे स्वरूप

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नसून लक्षणसमूहाचे नाव आहे. त्याच्या मुळाशी अनेक विकार असू शकतात. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणारा विकार अल्झायमर या नावाने ओळखला जातो. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या एका स्त्रीला तपासले. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्याने तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंता झालेले तंतू त्यास आढळले. त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील सभेत त्याने ही हकीकत मांडली. साठीच्या आतील स्त्रीची बुद्धी नाठी होऊ शकते, हे त्या मेंदूने तेव्हाच दाखवून दिले होते. दुसरा महत्त्वाचा प्रकार म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन वा तुंबून होणारा स्मृतिभ्रंश. रक्तदाब आणि मधुमेह यांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेल्या व्यक्तींत तो आढळतो.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजू लागतो. म्हणून सकाळचे जेवण विसरले जाते, पण साठ वर्षांपूर्वीच्या लग्नाची पंगत तपशीलवार आठवते. घरच्या माणसांना नेमके हेच कोडे पडते. ‘जुने सारे आठवते, मग आताचे कसे आठवत नाही? मुद्दाम करतात,’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, हे एकदा नीट समजले तरी घरातील अर्धा कलह मिटतो.

साधा विसराळूपणा आणि हा आजार यांतील भेद ओळखता येतो. चष्मा कोठे ठेवला हे कोणीही विसरते व थोड्या वेळाने त्यास आठवते. परंतु चष्मा गव्हाच्या डब्यात ठेवला जातो, सापडल्यावरही तो तेथे कसा गेला याचा उलगडा होत नाही, तेव्हा सावध व्हावे. जन्मभर बाजारहाट केलेल्या माणसाला सुट्ट्या पैशांचा हिशेब जुळेना, निष्णात गृहिणीच्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडू लागले किंवा पडेनासेच झाले, रोजच्या वाटेवरील देवळातून परतताना वाट चुकली, तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा विचारला गेला, तर ती आजाराची सुरुवात असू शकते. स्वभावातील बदलही असाच बोलका असतो. मितभाषी गृहस्थ एकाएकी शिवराळ होतो, किंवा चारचौघांत रमणारी आजी कोपरा धरून बसते.

आधी तपासणी

अशा वेळी घरातल्या घरात निदान करून मोकळे होऊ नये. विसर पडण्याची काही कारणे उपचारसाध्य असतात. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, मनातील खोल औदासीन्य, पडल्यानंतर डोक्यात साकळलेले रक्त आणि काही औषधांचा परिणाम ही त्यांपैकी प्रमुख होत. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या वृद्धांची बुद्धी गोंधळून टाकतात. ऐकू कमी येत असेल, तर विचारलेलेच कळत नाही आणि माणूस विसरल्यासारखा दिसतो. म्हणून रक्त तपासावे, कान व डोळे तपासावे, आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांपुढे ठेवावी. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालय वा वैद्यकीय महाविद्यालय या मार्गाने मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोचता येते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती आज एकाएकी बरळू लागली, माणसे ओळखेनाशी झाली, तर ती तातडीची बाब होय. लघवीतील वा छातीतील जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, रक्तातील साखर उतरणे यांमुळे असे घडते व वेळीच उपचार झाल्यास ते सुधारते. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाच्या बाबतीतही ‘आजार वाढला’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

अल्झायमर बरा करणारे औषध नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमंटिन यांसारखी औषधे काही रुग्णांत काही काळ लक्षणे सौम्य करतात. त्यांचा उपयोग तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावा, परंतु त्यांच्यावर घर विसंबून राहू शकत नाही. दहा-दहा वर्षे चालणाऱ्या या आजारात खरा उपचार म्हणजे सोबतीच्या माणसांचे वागणे. रुग्ण बदलू शकत नाही. बदलावयाचे ते घराने.

खोडून काढू नये

घराला सर्वांत कठीण जाते ते बोलणे. जेवण होऊन अर्धा तास झालेला नसतो आणि अण्णा म्हणतात, ‘मला अजून कोणी जेवायला वाढले नाही.’ सून म्हणते, ‘अण्णा, आत्ताच तर जेवलात.’ अण्णांच्या मनात त्या जेवणाची नोंदच नसते. त्यांना एवढेच कळते की, आपण उपाशी असून ही बाई आपणास खोटे पाडीत आहे. आवाज चढतात, शेजारी डोकावतात, आणि सासऱ्याला उपाशी ठेवते असा लौकिक त्या सुनेच्या वाट्याला येतो. तिने ‘भात टाकलाय, होईतो एवढे शेंगदाणे खा’ असे म्हणून ओंजळभर दाणे पुढे केले असते, तर पाच मिनिटांत प्रसंग निवळला असता. हे खोटे बोलणे नव्हे काय, असे काही सज्जन विचारतात. माझ्या मते नव्हे. ज्याच्यापाशी सत्य पडताळून पाहण्याचे साधनच उरले नाही, त्याच्यावर ते दिवसातून दहा वेळा लादण्यात सत्यनिष्ठा नाही, केवळ हट्ट आहे.

ऐंशी वर्षांची आजी संध्याकाळी गाठोडे बांधून ‘मला माहेरी जायचंय, आई वाट बघत असेल’ म्हणते. ‘तुझी आई जाऊन चाळीस वर्षे झाली’ असे सांगितले, तर तिच्या दृष्टीने तिची आई त्या क्षणी वारते. ती रडते, आणि उद्या पुन्हा तेच विचारते. तेव्हा पुन्हा वारते. असे रोजचे सुतक घालण्यापेक्षा ‘तुझी आई काय काय करायची गं?’ असे विचारून पाहावे. आजी बोलू लागते, सांज टळून जाते. दिवेलागणीच्या सुमारास अशी अस्वस्थता वाढते, हा या आजाराचा एक विशेष आहे. त्या वेळी घरात भरपूर उजेड करावा, दूरचित्रवाणीचा गोंगाट बंद ठेवावा आणि हाताला काही काम द्यावे.

सर्वांत जिव्हारी लागतो तो चोरीचा आळ. पाटल्या, पैसे, रेशनकार्ड स्वतःच कोठेतरी जपून ठेवलेले असते. ठेवल्याचे विसरले जाते. मग ते कोणीतरी नेले असलेच पाहिजे, अशी रुग्णाच्या मनाची खात्री होते. आळ येतो तो सर्वांत जवळ वावरणाऱ्या व्यक्तीवर, म्हणजे बहुधा सेवा करणाऱ्या सुनेवर. या एका लक्षणापायी घरे फुटली आहेत, नणंदा-भावजयांचा अबोला धरला गेला आहे. हा आळ म्हणजे आरोप नसून लक्षण आहे, हे मुलाने आपल्या बहिणींना वेळीच समजावून सांगावे. वस्तू शोधताना रुग्णास बरोबर घ्यावे. लपविण्याच्या जागा सहसा ठराविकच असतात आणि त्या लवकर माहीत होतात.

घराची मांडणी

रुग्णाचे काही कौशल्य स्मृतीच्या पलीकडे हातांत आणि कंठात मुरलेले असते, आणि ते दीर्घकाळ टिकते. मुलांची नावे विसरलेली आजी तांदूळ अचूक निवडते, फुलवाती वळते, लसूण सोलते. स्वतःचा पत्ता न सांगता येणारे वारकरी आजोबा हरिपाठ सुरू झाला की टाळ धरतात आणि पुढचा शब्द चुकत नाहीत. या टिकलेल्या गोष्टींवर दिवसाची बांधणी करावी. निवडलेले तांदूळ पुन्हा मिसळून उद्या निवडावयास दिले तरी चालते. काम झाले की नाही याला महत्त्व नाही, आपण घरच्या उपयोगी आहोत ही भावना टिकण्याला आहे. उठणे, स्नान, जेवण, फेरफटका यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि सामानाची हलवाहलव करू नये. घर रंगविण्याचा बेतसुद्धा शक्य तो पुढे ढकलावा.

धोक्याच्या जागा आधी हेराव्यात. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करावा. विहिरीस व हौदास झाकण असावे. शेतकरी कुटुंबात फवारणीचे औषध ज्या कोनाड्यात ठेवलेले असते, तेथून ते हलवून कुलपात टाकावे, कारण पाण्याची बाटली आणि कीटकनाशकाची बाटली हा भेद रुग्णास उरत नाही. मोरीतील शेवाळ घासून काढावे आणि भिंतीला धरावयास दांडी बसवावी. संडासात रात्रभर दिवा असावा. अनेकदा माणूस जागा सापडत नाही म्हणून कपडे ओले करतो, आणि घर समजते की ताबा गेला.

स्नानास नकार हा नेहमीचा अनुभव आहे. अंगावर एकदम पाणी ओतले जाण्याची भीती वाटते, लाज वाटते. तांब्या रुग्णाच्याच हाती द्यावा, पंचा अंगावर राहू द्यावा, आणि आज नाही जमले तर उद्या. रोज आंघोळ झालीच पाहिजे, या आग्रहापुढे थोडी अस्वच्छता परवडते.

घराबाहेर भटकणे ही मोठी काळजी होय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील वृद्ध संस्कृत पंडित एका हत्तीमागे चालत निघून जातो, डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. आपल्या गावातील पंडित बहुधा एस. टी. स्टँडकडे किंवा जुन्या शेताकडे जातात. नाव आणि मुलाचा भ्रमणध्वनी क्रमांक सदऱ्याच्या आत शिवून ठेवावा. चिठ्ठी खिशात ठेवल्यास ती फेकली जाते. अलीकडचे छायाचित्र हाताशी असावे. पोलीस पाटील, कोपऱ्यावरचा दुकानदार, रिक्षाचालक यांना आजाराची कल्पना द्यावी. लाजेपायी हे लपविणाऱ्या घरांतील माणूस हरवतो तेव्हा शोधावयास चार माणसे कमी पडतात. व्यक्ती दिसेनाशी होताच ११२ क्रमांकावर कळवावे. अमुक तास थांबावे लागते, असा गैरसमज आहे.

आजाराच्या अखेरच्या टप्प्यात चालणे, बोलणे आणि पुढे गिळणेही अवघड होते. घास छोटा व मऊ असावा, माणूस बसता असावा, घाई नसावी. अन्न श्वासमार्गात जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारात मृत्यूचे नेहमीचे कारण आहे. दर दोन तासांनी कूस बदलली तर शय्याव्रण टळतात. या काळात रुग्ण मुलांना ओळखत नाही. तरीही परिचित आवाजाने आणि हाताच्या स्पर्शाने तो शांत होतो, हे सेवा करणाऱ्या कोणासही विचारून पाहावे.

सेवा करणारीचे काय?

वरील सर्व कामे ‘घराने’ करावी असे लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती एकच व्यक्ती करते. ती बहुतेक घरांत सून, पत्नी किंवा अविवाहित मुलगी असते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात निर्वाहाची जबाबदारी असलेल्या अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. कायद्याने जिच्यावर भार टाकलेला नाही, तीच तो वाहते, ही विसंगती नोंदण्याजोगी आहे.

त्यात पुण्या-मुंबईस वा परदेशी असलेल्या भावंडांची भर पडते. रविवारी दूरध्वनीवर वडील पाच मिनिटे ऐटीत बोलतात, जुन्या गोष्टी सांगतात, आणि पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘मला तर ठीक वाटतात, तुम्हीच बाऊ करता.’ परक्याशी किंवा लांबच्या माणसाशी थोडा वेळ नीट बोलणे रुग्णास जमते; त्यानंतरचे तेवीस तास पंचावन्न मिनिटे घरच्यांची असतात. अशा भावंडांनी सल्ला देण्याआधी आठ दिवस घरी येऊन एकट्याने सेवा करावी. ते शक्य नसेल, तर मदतनीस बाईचा पगार द्यावा. रात्र-रात्र जागणाऱ्या व्यक्तीची झोप, रक्तदाब आणि मन तिन्ही बिघडतात. कधी तिचा हातही उगारला जातो. तिला दोष देण्यापेक्षा, तो उगारला जाण्याआधी तिला दोन तास सुटी कोण देणार, हा प्रश्न कुटुंबाने सोडवावा. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर तिला स्वतःसाठीही विनामूल्य समुपदेशन मिळू शकते, आणि ज्येष्ठांविषयीच्या अडचणींसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. कोचीन येथे १९९२ मध्ये स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांच्या कुटुंबियांना मार्गदर्शन करते.

अंगठ्याचा ठसा

आता जो विषय येतो तो अधिकाऱ्यांच्या आणि पंचायत सदस्यांच्या थेट अखत्यारीतील आहे. स्मृती गेलेल्या वृद्धाच्या नावे जमीन असते, तोवर त्याचा अंगठा मौल्यवान असतो. एखाद्या सकाळी त्यास नवे धोतर नेसवून जीपमध्ये बसविले जाते आणि संध्याकाळी बक्षीसपत्र झालेले असते. कधी लुबाडण्याचा हेतू असतो, कधी औषधोपचाराच्या खर्चाची खरी निकड असते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२ अन्वये, करार करतेवेळी त्याचा अर्थ आणि आपल्या हितावर होणारा परिणाम समजून निर्णय घेण्याची क्षमता व्यक्तीपाशी असावी लागते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ अन्वये, दस्त करून देणारी व्यक्ती बुद्धिहीन वा वेडसर असल्याचे नोंदणी अधिकाऱ्यास दिसून आल्यास त्याने नोंदणी नाकारावयाची असते. त्या कलमातील शब्द जुने व कठोर आहेत, पण आशय स्पष्ट आहे. ‘आजोबा, आज कशासाठी आलात? जमीन कोणाला देताय? किती?’ असे तीन प्रश्न मुलांना बाहेर थांबवून विचारले, तर उलगडा होतो. पंच म्हणून सही करणाऱ्या सदस्यानेही हे प्रश्न विचारावे. ओळखीपोटी केलेली सही पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करते.

वेळीच घेतलेले कुलमुखत्यारपत्र पुढे उपयोगी पडेल, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. करार अधिनियमाच्या कलम २०१ अन्वये मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की ते संपुष्टात येते. म्हणून जे करावयाचे ते आजाराच्या सुरुवातीस, समज शाबूत असताना, रुग्णाच्या इच्छेनेच करावे. मृत्युपत्र करावयाचे असल्यास त्याबरोबर डॉक्टरांचा दाखला ठेवावा. निवृत्तिवेतनाचे खाते पतिपत्नींच्या संयुक्त नावे करावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये पुढील उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. तिचाही लाभ घ्यावा. समज पूर्ण गेल्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावण्यावाचून सहसा मार्ग उरत नाही, आणि तो खर्चाचा व विलंबाचा आहे.

सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता देऊनही सांभाळ होत नसेल, तर २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ अन्वये ते हस्तांतरण रद्दबातल ठरविता येते. परंतु आपली फसवणूक झाली हेच ज्याला आठवत नाही, तो अर्ज कसा करणार? याच अधिनियमाच्या कलम ५ अन्वये निर्वाहाच्या बाबतीत न्यायाधिकरणास स्वतःहून दखल घेण्याचा अधिकार आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांपर्यंत ती माहिती पोचविण्याचे काम तलाठी, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती किंवा शिक्षक यांपैकी कोणीही करू शकतो. वृद्धास सोडून देणे हा कलम २४ अन्वये गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

गावाच्या पातळीवर करता येण्याजोगे

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली आहेत. त्यांत अल्पशिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, डोक्यास इजा आणि एकाकीपणा यांचा समावेश आहे. ती सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू वा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. मोतीबिंदूचे शिबिर, रक्तदाबाची तपासणी, ही कामे आपण करीतच आहोत. ती स्मृती राखण्याचीही कामे आहेत, हे लोकांना सांगितले जात नाही.

दरवर्षी २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या सुमारास ग्रामपंचायतीच्या सभागृहात ‘अस्तु’ दाखवून तालुक्याच्या डॉक्टरांना दोन शब्द बोलावयास बोलावता येईल. शाळेत आजी-आजोबांना बोलावून त्यांच्या लहानपणच्या गोष्टी मुलांनी लिहून घ्याव्यात. ज्यांना कालचे आठवत नाही, तेही या कामात मागे राहत नाहीत. आशा कार्यकर्तीच्या वहीत अशा घरांची नोंद असावी. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देताना बँकेच्या रांगेत गोंधळून गेलेला वृद्ध दिसला, तर त्याचा दाखला घरी जाऊन भरून घेण्याची सोय आहे, हे त्याच्या मुलाला सांगावे. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सेवा करणाऱ्या बाईला बाजार करता यावा, म्हणून महिला बचत गटातील दोघींनी आळीपाळीने तिच्या सासूजवळ बसावे. बसणारीने सोबत निवडावयाची डाळ न्यावी, म्हणजे दोघींनाही काम राहते.